गोळी, मग घंटी

व्यंकटी ड्रायव्हर आणि मी चार वर्षांत एकमेकांशी जे धड बोललो ते घंटीनं. एक ठोका म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. त्यापलीकडे जे बोलणं झालं त्यात शिव्या जास्त होत्या, आणि त्या मी मोजलेल्या आहेत.

मोजायची मला खोडच आहे. कंडक्टरला असावी लागते. माझं नाव श्रीमंत; नाव ठेवणाऱ्यांनी घाई केली, एवढंच म्हणतो. खाकी सदऱ्याच्या आतल्या खिशात माझी एक छोटी वही असते. वेबिलात सरकारला पाहिजे ते लिहायचं, वहीत मला पाहिजे ते. कोण कुठं चढलं, कोण कुणावर ओरडलं, गाडी कुठं किती मिनिटं उभी राहिली.

आमची ड्यूटी लातूर ते बिलोली. उदगीर, देगलूर करत संध्याकाळी बिलोलीला जायचं, तिथं वस्ती, सकाळी सहाला परत. लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती आणि जिल्हा झाला तसं उदगीरपासून पुढं प्रत्येकाला लातूरला काहीतरी काम निघालं होतं. ज्याचं तलाठ्यावर भागायचं तोही आता बगलेत फाइल मारून कलेक्टर कचेरीला निघायचा. त्यात शहाऐंशीचा दुष्काळ. फाइलवाल्यांच्या मांडीला मांडी लावून हैदराबादला कामाला निघालेली बिऱ्हाडं, टपावर रिकामे डबे, घागरी, कडब्याच्या दोन पेंढ्या. चोपन्न सीटच्या गाडीत नव्वद माणसं, आणि पुढं स्टेअरिंगवर व्यंकटी.

आम्हा दोघांची जोडी बोर्डानं लावलेली. ती तोडावी म्हणून मी सात अर्ज दिले, त्यानं नऊ. कारणाच्या रकान्यात मी ‘स्वभाव’ लिहायचो. तो काय लिहायचा ते त्यानं सांगितलं नाही, पण मला अंदाज होता. त्याचं घर जळकोटकडचं, बागायती, पाटीलकीच्या वळणाचं. आमच्या घरानं छप्पन साली दीक्षा घेतलेली. त्याचा पितळी फिरकीचा तांब्या केबिनमध्ये सीटमागं टांगलेला असायचा. पहिल्याच दिवशी गाडी हिंदकळली, तांब्या पडायला लागला, म्हणून मी धरायला हात पुढं केला.

“ऱ्हाऊ दे,” तो म्हणाला. “पडला तर पडू दे.”

वहीतली ती पहिली नोंद.

आता त्याच्या प्रेशरचं सांगतो. पंचेचाळिशी ओलांडलेल्या ड्रायव्हरची सालातून एकदा डॉक्टरी व्हायची. त्र्याऐंशी साली पहिल्याच डॉक्टरीत व्यंकटीचं प्रेशर निघालं एकशे ऐंशी-एकशे दहा. दीड महिना त्याला स्टेअरिंगवरून उतरवलं आणि गाड्या धुतात तिथं स्टुलावर बसवलं. आलेल्या गाडीचा नंबर लिहायचा, गेलेल्या गाडीचा नंबर लिहायचा. गावाकडची माणसं मुद्दाम वाकडी वाट करून तिथं यायची. “का हो व्यंकटराव, गाडी सोडून आता धुवाया लागलाव का?” तो मान वर करायचा नाही. पगार तोच होता, पण त्या दीड महिन्यात त्याचा आवाज मी एकदाही ऐकला नाही. माणसाचा आवाज नरड्यात नसतो, कामात असतो, हे मला तिथं कळलं. तेव्हा मला बरं वाटलं होतं, हेही लिहून ठेवतो.

परत स्टेअरिंग मिळालं तशी त्यानं एक पद्धत बसवली. डॉक्टरीची तारीख बोर्डावर लागली की आठ दिवस आधी गोळ्या सुरू, लोणचं बंद. डॉक्टरी झाली की त्याच दुपारी उदगीरच्या कँटीनमध्ये लोणच्याची बशी पुढ्यात ओढायची आणि गोळ्या बंद. दहाच्या पाकिटातल्या दोन उरायच्या, त्या पान्यांच्या पेटीत ठेवायचा, पुढच्या सालाला. तो एकटाच असा नव्हता. डेपोत असे अकरा जण मला ठाऊक होते. प्रेशर ही त्यांच्या लेखी परीक्षा होती. पास झालं की पुस्तक मिटायचं.

एकदा मी बोललो होतो. “व्यंकटराव, गोळी रोजची असती म्हनं.”

“तू तिकिटं फाड. ती गोळी खाल्ली की दर दोन कोसाला बाभळ लागती मला. गाडीत बाया बसलेल्या असतेत. तू उतरतो का माझ्या जागी?”

कारण खरं होतं. त्या गोळीनं लघवी लागायची आणि आमचा रस्ता साडेतीन-चार तासांचा. पण खरं कारण असलेला माणूस ते डॉक्टरला सांगत नाही, कंडक्टरवर ओरडतो.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात बिलोलीहून येताना, देगलूरच्या अलीकडे, रोजगार हमीचं रस्त्याचं काम चालू होतं. कडेला खडीचे ढीग, ढिगांमागं बाया हातोड्यानं दगड फोडत बसलेल्या. गाडी हळूहळू डावीकडं जायला लागली. मला वाटलं, समोरून काही येतंय. काही येत नव्हतं. मी दोरी ओढली, एक ठोका. गाडी थांबली नाही. पुढचं चाक ढिगावर चढलं, गाडी तिरपी झाली, टपावरच्या घागरी धडाधड रस्त्यावर आल्या आणि मग ब्रेक लागला.

कुणाला लागलं नाही. ढिगामागून एक म्हातारी उठली. केवळाबाई नाव तिचं, मुकादम तिला हाका मारत होता म्हणून कळलं. चाकापासून ती चार हातांवर होती. हातोडा तसाच धरून ती केबिनच्या दाराशी आली.

“डोळे घरी ठिवून आलास का रं मुडद्या? चार म्हैने धान्य मिळंना म्हून दगड फोडून राहिलो, आन तू वरून गाडी घालतो?”

एरवी व्यंकटीनं तिच्या सात पिढ्या काढल्या असत्या. आज तो नुसता डावा डोळा सारखा पुसत होता.

“टायर सरकलं,” तो मला म्हणाला.

“टायर न्हाई सरकलं. तुम्हाला ढीग दिसला न्हाई.”

“टायर सरकलं म्हणून लिही.”

मी लिहिलं नाही आणि दुसरंही काही लिहिलं नाही. वेबिलावर ती जागा कोरीच राहिली. हे पुढं लक्षात ठेवा.

देगलूरला मी त्याला डॉक्टर ईश्वरप्पांच्या दवाखान्यात नेलं, म्हणजे गाडीची किल्ली खिशात टाकून पुढं चालायला लागलो, तो शिव्या देत मागं आला. डॉक्टरांनी पट्टा बांधला, फुगवला, सोडला, परत फुगवला. दोनशे दहा-एकशे वीस.

“डोकं दुखतंय?”

“न्हाई.”

“किती दिवसांपासून?”

“दोन म्हैने,” व्यंकटी म्हणाला. मग त्याच्याच ध्यानात आलं आणि तो माझ्याकडं रागानं पाहायला लागला, जसं काही मी वदवून घेतलं.

सालातून आठ दिवसांच्या गोळ्यांचं आणि बाभळीचं मीच सांगून टाकलं. डॉक्टर ईश्वरप्पा मोजकं बोलणारे. “इंजिनात ऑइल तुम्ही सालातून आठ दिवस घालता का हो? रोजची गोळी. बरं वाटलं तरी. आकडा खाली आला तरी. आकडा गोळीनं खाली असतो, तुमच्या पुण्याईनं नव्हे. मीठ निम्मं, लोणचं बंद. लघवीची गोळी बदलून देतो, ही दुसरी आहे, हिला बाभळ लागत नाही. आणि दीडशेच्या आत आल्याशिवाय स्टेअरिंगला हात लावायचा नाही. डोळ्याचं आज निभावलं, रोज निभावणार नाही.”

उदगीर डेपोचा ड्रायव्हर मागवून गाडी पुढं गेली. व्यंकटीनं तापाची रजा टाकली. अठरा दिवसांनी तो परत आला तेव्हा एकशे अठ्ठेचाळीस-ब्याण्णव होतं. चिठ्ठी त्यानं मला दाखवली नाही. ड्रेसच्या खिशातून वर आलेली मी वाचली.

तुम्ही म्हणाल, मी डेपोत का सांगितलं नाही? सांगितलं असतं तर तो परत त्या स्टुलावर गेला असता, कायमचा. दया आली असं लिहिलं तर वही खोटी होईल. सांगून टाकलं की माझ्या हातात काही उरलं नसतं. न सांगण्यात तो माझ्या मुठीत होता.

बिलोलीच्या स्टँडवर पहिल्या सकाळी गाडी भरली. सहा वाजले. व्यंकटीनं इंजिन सुरू केलं. मी दोरीला हात लावला नाही.

“घंटी दे.”

“गोळी घ्या.”

“काय?”

“आधी गोळी, मग घंटी.”

कंडक्टरच्या दोन ठोक्यांशिवाय गाडी हलवता येत नाही. ड्रायव्हर केवढाही बागायतदार असो. चार वर्षं त्या दोरीचा हा अर्थ माझ्या लक्षात आला नव्हता.

पुढच्या सीटवर पारूबाई बसलेल्या. जमिनीच्या वाटणीची फाइल घेऊन लातूरच्या कोर्टात दर पंधरा दिवसांनी जायच्या. गाडीतल्या सगळ्यांच्या वतीनं बोलायची त्यांना सवय.

“ओ मास्तर, कामून उभी हाय गाडी? पुकारा व्हईल माझा!”

“ड्रायव्हर साहेबांचा नाष्टा व्हायचाय, मावशी.”

“मग खा की रं बाबा काय खायाचं ते! गाडीभर माणूस तुझ्या तोंडाकडं बघून राहिलंय!”

व्यंकटीनं पाकीट फाडलं, गोळी तोंडात टाकली, तांब्याची फिरकी उघडून घोट घेतला आणि आरशातून माझ्याकडं असं पाहिलं की ती नजर मोजायला माझ्याकडं आकडा नाही. मी दोन ठोके दिले. सहा वाजून चार मिनिटं.

चौथ्या दिवशी केबिनची चटई झटकताना तिच्याखाली तीन गोळ्या सापडल्या. जिभेखाली धरून नंतर थुंकायचा. मी त्या त्याच्यासमोर बॉनेटवर मांडल्या.

“उद्यापासून गोळी घेतली की गावांची नावं पुकारायची. मोठ्यानं.”

“मी? ड्रायव्हर पुकारतो का कुठं?”

“जिभेखाली काही असलं की ‘देगलूर’ नीट निघत न्हाई.”

त्या सकाळपासून बिलोलीच्या स्टँडवर व्यंकटी दात-ओठ खात ओरडायला लागला, “देगलूर, उदगीर, लातूर!” लोकांना वाटलं, ड्रायव्हर सुधारला. पारूबाईनं तर तोंडावर कौतुक केलं. “गुणाचा हाय हो. आधी लई खवीस वाटायचा.” त्यावर त्यानं मला हळू आवाजात जे म्हटलं ते वहीत आहे, इथं नाही.

एप्रिल लागला. बिलोलीच्या हापशाला सकाळी अर्धी घागर येईना. व्यंकटीचा तांब्या रेडिएटरमध्ये जायला लागला. इंजिन तापलं की नव्वद माणसं उन्हात, तेव्हा आधी इंजिन. मी माझी मिलिटरीची बाटली पट्ट्यासकट बॉनेटवर ठेवली. त्यानं बाटलीकडं पाहिलं, मग समोरच्या काचेतून बाहेर, आणि गोळी कोरडी गिळली. नरडं हलताना मला दिसलं. डोळ्यांत पाणी आलं तरी बाटलीला हात लावला नाही. असे एकवीस दिवस. दर पंधरा दिवसांनी देगलूरला गाडी दहा मिनिटं थांबायची, तेवढ्यात तो ईश्वरप्पांकडं पट्टा बांधून यायचा. एकशे चव्वेचाळीस. एकशे अडतीस.

एकशे अडतीस झाले त्या दिवशी तो मला म्हणाला, “झालं ना नॉर्मल? आता बंद.”

“ते गोळीमुळं झालं.”

“तू डॉक्टर हाय का?”

“न्हाई. मी घंटी हाय.”

आठ दिवसांनी मला डेपोतून नोटीस आली. चालक व्यंकटी यांची लेखी तक्रार: वाहक श्रीमंत हा मुद्दाम घंटी देत नाही, एकेचाळीस दिवसांत गाडी रोज तीन ते अकरा मिनिटं उशिरा सुटली. तारखांसकट. माझ्याच वहीतून उतरवल्यासारख्या बरोबर. मोजायची खोड त्यालाही होती, हे मला त्या दिवशी कळलं.

मॅनेजर साहेबांच्या टेबलासमोर आम्ही दोघं उभे. साहेबांनी विचारलं, “कारण काय उशिराचं?”

वही खिशात होती. बाहेर काढली असती तर एकेचाळीस सकाळी, एकेचाळीस गोळ्या, चटईखालच्या तीन, दोनशे दहा-एकशे वीस, सगळं साहेबांच्या टेबलावर गेलं असतं आणि व्यंकटी स्टुलावर. पण त्यानंतर साहेबांनी विचारलं असतं, मग खडीच्या ढिगाचं तू कळवलं का नाहीस? ती कोरी जागा माझ्या हातची होती. व्यंकटीनं हा हिशोब घालूनच तक्रार दिली होती. माझ्या मुठीत तो होता, तसा त्याच्या मुठीत मी.

मी त्याच्याकडं पाहिलं. तो भिंतीवरच्या नव्या जिल्ह्याच्या नकाशाकडं पाहत होता, पण बोटांनी पँटच्या शिवणीचा धागा उपसत होता. हिशोब पक्का असलेला माणूस स्वतःची शिवण उसवत नाही.

“सुट्टे नसतात साहेब,” मी म्हणालो. “आधी सगळी तिकिटं फाडून मग घंटी देतो. चुकलं माझं.”

मला लेखी ठपका मिळाला आणि लांबची ड्यूटी गेली. साहेबांनी वर म्हटलं, “तुमचं दोघांचं पटत नाही असं दिसतं. जोडी तोडतो.” सोळा अर्जांनी झालं नव्हतं ते एका तक्रारीनं झालं.

जिन्यावर व्यंकटी म्हणाला, “मी सांगितलं न्हवतं तुला माझ्यासाठी खोटं बोलाया.”

“तुमच्यासाठी कोन बोललं?”

“बरं झालं मग.”

“लई बरं झालं.”

त्याच्या गाडीवर नवा कंडक्टर आला, चंद्रप्पा. देवणीकडचा, भिडस्त, सहाच्या ठोक्याला डोळे मिटून दोन घंट्या देणारा. मला निलंगा-उदगीर मिळालं. पहिली रात्र मी निलंग्याच्या स्टँडवर हिशोब करत बसलो, पैशाचा नव्हे. गोळी बंद होऊन दोन दिवस, चार दिवस, आठ दिवस. आकडा हळूहळू वर. आणि देगलूरच्या अलीकडे केवळाबाई अजून खडी फोडत होती. काम पावसाळ्यापर्यंत चालणार होतं. त्याला शिक्षा व्हावी असं मला चार वर्षं वाटत होतं. पण त्या शिक्षेत म्हातारी नव्हती. साहेबांसमोर मी त्याला वाचवलं की तिला मारलं, हे वहीत कुठल्या बाजूला लिहावं ते कळेना. दहावा दिवस उजाडला तेव्हा मी ठरवलं, आता जाऊन सगळं सांगायचं. माझी नोकरी जाईल ती जाईल.

त्या सकाळी माझी गाडी उदगीरला साडेआठला लागली. शेजारच्या फलाटावर बिलोली-लातूर उभी. गाडी भरलेली, इंजिन चालू. चंद्रप्पानं दोन ठोके दिले. गाडी हलली नाही. परत दोन. गाडी जागेवर.

“अरे काढ की!” आतून पारूबाईचा आवाज. “पुन्यांदा सुरू झालं का ह्यांचं?”

खिडकीतून व्यंकटीचं डोकं बाहेर आलं. मला पाहून त्याच्या कपाळावर तीच जुनी आठी पडली.

“ए मास्तर! पानी हाय का?”

मी जागचा हललो नाही. “तांब्या कुठं गेला?”

“रेडिएटरनं पिला. स्टँडच्या नळाला हवा येऊन राहिलीय. बिलोलीलाबी सकाळी थेंब न्हवता. ईश्वरप्पानं गोळी बदलली, ही मोठी हाय, कोरडी उतरत न्हाई. तीन डाव केलं, परत आली वर.” मग आवाज चढवून, “हाय का न्हाई ते सांग, माणसं खोळंबलीत!”

बाटली उघडून मी खिडकीशी गेलो. त्यानं ती हातात घेतली. पट्टा धरून नाही, सरळ बाटलीलाच धरून. तोंड लावलं नाही, वरून ओतलं. निम्मं नरड्यात, निम्मं सदऱ्यावर. दुष्काळात एवढं पाणी सांडताना मी दुसऱ्या कुणाला पाहिलं असतं तर बोललो असतो.

मग त्यानं तोंड उघडून, जीभ वर करून दाखवली आणि माझ्या डोळ्यांत डोळे घालून सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं ओरडला, “लातूर! नळेगाव, लातूर!”

“बास,” मी म्हणालो. “हितं मी घंटी न्हाई.”

“तू कवाच घंटी न्हवता.” त्यानं वरच्या खिशातून घडी घातलेला कागद काढून माझ्या अंगावर टाकला. ईश्वरप्पांच्या अक्षरात कालची तारीख, एकशे छत्तीस-शहाऐंशी. मागच्या बाजूला पेन्सिलीनं, एकाखाली एक, नऊ दिवस. प्रत्येकापुढं बारीक टिंब. “वहीत घाल. तुझ्या वहीत माझा खाडा दिसाया नको.”

नऊ दिवस मी माझ्या दोरीची किंमत जरा जास्तच धरून चाललो होतो.

“डॉक्टरी कधी हाय?” मी विचारलं.

“जूनमदी. आठ दिस आधी काय करायची गरज न्हाई आता.” बाटली परत देताना तो म्हणाला, “पानी लई गरम हाय तुझं.”

“तक्रार द्या.”

“ती दिलेली मागं घेणार न्हाई मी.”

“मीबी इसरणार न्हाई.”

“इसरू नको.” त्यानं गिअर टाकला आणि मान वळवून मागं ओरडला, “ए चंद्रप्पा, झोपला का? दे की!”

चंद्रप्पानं दोन ठोके दिले. गाडी धूळ उडवत फाटकातून बाहेर गेली. मी वही काढली, त्याच्या कागदावरचे नऊ दिवस एकाखाली एक उतरवले, आणि खाली लिहिलं: उदगीर, आठ पस्तीस. गोळी एक. पाणी अर्धी बाटली, पैकी निम्मं सदऱ्यावर. बाटली हातात घेतली.